आधी काडतूस, मग रायफल

वाचकांचे प्रश्न : बंदुका आणि दुनळी रायफली

या वेळच्या टपालात बंदुकांची पत्रं जास्त होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. शिकारीचा उल्लेख जिथे आहे तिथे तो आफ्रिकेतल्या परवाना घेऊन होणाऱ्या शिकारीचा समजावा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे.

माझा भाचा केपटाऊनला असतो. आमच्या भागातली बरीच घरं काही पिढ्यांपूर्वी तिकडे गेली, त्यातलंच एक. रायफलचा तिकडचा रीतसर परवाना त्याच्याकडे आहे. पुढच्या हंगामात झिंबाब्वेत रानरेड्याच्या (केप बफेलोच्या) शिकारीला जायचं म्हणतो. त्याला दुनळी रायफल हवी आहे, पण किमती ऐकून डोळे पांढरे व्हायची वेळ आली. ९.३×७४आर काडतुसाची एक जुनी युरोपियन दुनळी बरीच स्वस्त मिळते आहे. घ्यावी का? – एक वाचक, दापोली

रानरेड्यासाठी घेऊ नये. रायफल वाईट आहे असं नाही, काडतूस अपुरं पडतं. झिंबाब्वेच्या नियमानुसार हत्ती, रानरेडा, पाणघोडा यांच्यासाठी गोळीचा व्यास किमान ९.२ मिलिमीटर आणि ऊर्जा किमान ५,३०० ज्यूल लागते. ९.३ व्यासाच्या अटीतून सुटतं आणि ऊर्जेला अडकतं. हिशेब घरी करता येतो: गोळीचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रतिसेकंद), भागिले २०००. ९.३×७४आरची नेहमीची गोळी २८६ ग्रेनची, म्हणजे १८.५ ग्रॅम. वेग ७२०च्या आसपास. उत्तर येतं साधारण ४,८०० ज्यूल. नामिबियात तर मोठ्या जनावरांसाठी ५,४०० ज्यूलची अट आहे.

हाच हिशेब .४७० नायट्रो एक्स्प्रेस या मोठ्या काडतुसाला लावा. ५०० ग्रेनची गोळी म्हणजे ३२.४ ग्रॅम, वेग ६५५. जवळजवळ ७,००० ज्यूल. मोठ्या दुनळ्यांमध्ये .४७० सगळ्यात जास्त चालतं ते केवळ ताकदीमुळे नाही. ते आजही अनेक कारखाने बनवतात, त्यामुळे दुकानात सापडतं. स्वस्त रायफल आणि दुर्मीळ काडतूस ही जोडी सगळ्यात महाग पडते. म्हणून भाच्याने आधी काडतूस ठरवावं आणि मग त्या काडतुसाची रायफल शोधावी. उलट्या क्रमाने गेलेले पुढे रायफल भिंतीवर टांगतात.

आता किंमत एवढी का, ते. दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात. तोंडाशी त्या किंचित एकमेकींकडे कललेल्या असतात. कारण उजवी नळी सुटली की धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे वळते, डावी सुटली की डावीकडे. गोळी नळीत असतानाच हे वळण सुरू झालेलं असतं, म्हणून तेवढा कोन आधीच उलटा द्यावा लागतो. कारागीर तोंडाशी दोन नळ्यांमध्ये पाचर बसवतो, बार काढून पाहतो, डाख वितळवून पाचर सरकवतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या साधारण ५० ते १०० यार्डांच्या मधल्या ठरावीक अंतरावर जवळजवळ पडेपर्यंत हेच चालतं. यालाच रेग्युलेशन म्हणतात, आणि पैसे त्याचेच असतात.

हे जुळणं एकाच वजनाच्या गोळीला आणि एकाच वेगाला असतं. काडतूस मंद निघालं तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, रायफल तोवर जास्त वळते, आणि उजव्या नळीची गोळी उजवीकडे, डावीची डावीकडे जाते. फार वेगवान निघालं तर गोळ्या एकमेकींना ओलांडतात: उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे. भाचा स्वतः काडतुसं भरत असेल तर ही खूण लक्षात ठेवावी. फाकल्या तर वेग थोडा वाढवायचा, ओलांडल्या तर कमी करायचा. तेही छापील भरण तक्त्याच्या मर्यादेतच. वेग मोजायला क्रोनोग्राफ नसेल तर या फंदात पडू नये.

परवडणाऱ्या म्हणाव्या अशा वाटा मोजक्या आहेत. जर्मनीत झूल गावी बनणाऱ्या मर्केलची १४० मालिका ही खऱ्या मोठ्या काडतुसांच्या नव्या दुनळ्यांमधली खालची पायरी. बॉक्सलॉक (घोड्यांची यंत्रणा मधल्या चौकटीत बसवलेली), साधी, वजनदार, नक्षी बेताची. क्रीगहॉफ या जर्मन कंपनीच्या क्लासिक बिग फाइव्हमध्ये तोंडाची पाचर फिरवून जुळणी बदलता येते, हा फायदा मोठा आहे. तिला नेहमीची सेफ्टी नाही. अंगठ्याने जोरात पुढे ढकलायचा खटका आहे आणि त्यानेच ती चढते, म्हणजे बाराला तयार होते. हात लहान असतील तर दुकानात दहा वेळा ढकलून पाहावा. रशियन एमपी-२२१ सगळ्यात स्वस्त आणि तिचीही पाचर फिरते, पण ती .४५-७०, .३०-०६ अशा काडतुसांत येते. रानडुकरापर्यंत ठीक, रानरेड्याला नाही. चौथी वाट जुन्या इंग्लिश बॉक्सलॉकची, तिच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिलं आहे. नवी इंग्लिश साइडलॉक (यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली) एक लाख पौंडांच्या वर जाते, ती या चर्चेत नाही.

.४७०चं एक काडतूस दहा डॉलर किंवा त्याहून महाग पडतं. शिकारीपूर्वी किमान शंभर बार उभ्याने काढलेले असावेत, म्हणजे हजार डॉलर बाजूला. दक्षिण आफ्रिकेत साध्या परवान्यावर एका शस्त्रामागे २०० काडतुसं ठेवता येतात, त्यात हे बसतं. विमानात मात्र काडतुसांना माणशी ५ किलोची मर्यादा असते. तीही पुरते.

आणि खरंच पैसे मोजकेच असतील तर .३७५ एच अँड एच मॅग्नमची बोल्ट रायफल (दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस भरायची एकनळी) घ्यावी, असं आमचं मत आहे. ३०० ग्रेनच्या गोळीला ५,७०० ज्यूलच्या वर ऊर्जा, दोन्ही देशांची अट सुटते, आणि किंमत दुनळीच्या एका चापाइतकी. दुनळीचा फायदा एकच, दुसरा बार क्षणात निघतो. रानरेडा पंधरा पावलांवर असेल तेव्हा तो फायदा मोठा असतो, एरवी नसतो.

मी मुरुडचा, नोकरीनिमित्त नामिबियात वाल्विस बेला आहे. इथल्या एका दुकानात .४५०/४०० तीन इंची काडतुसाची जुनी इंग्लिश दुनळी आहे. नाव ओळखीचं नाही म्हणून किंमत कमी. तपासायचं काय काय? आणि नोकरी संपली की घरी आणता येईल का?

अनोळखी नावाला घाबरू नका. त्या काळी बर्मिंगहॅमचे मोजके कारखाने दुनळ्या बनवत आणि दुकानदार त्यावर आपलं नाव कोरत. नावाचे पैसे वाचत असतील तर उत्तमच. तपासणी मात्र सावकाश करा, निदान तासभर.

पहिल्यांदा नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग काढा. रायफल बंद करून दस्ता काखेत दाबा आणि नळ्या आडव्या हलवून पाहा. किंचितही खडखड जाणवली तर बिजागरी झिजली आहे. हा भाग लावलेला असताना स्प्रिंगच्या ताणाने सैलपणा लपतो, म्हणून तो काढायचाच. मग रायफल उजेडासमोर धरून नळ्या आणि मागची भिंत यांच्या फटीतून पाहा. उजेड दिसता कामा नये.

नळ्या सुट्या करून खालच्या हुकाला दोरी बांधून टांगा आणि लाकडी पेन्सिलीने हलकं टिचका. घंटेसारखा लांबणारा नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला तर मधली पट्टी डाखातून सुटली आहे. सुटलेल्या पट्टीत पाणी शिरतं, आतून गंज धरतो आणि जुळणी बिघडते. पट्टी पुन्हा डाखून जुळणी परत करायला जो खर्च येतो, त्यात हा सौदा बुडतो.

मग भिंग घेऊन नळ्यांची तोंडं पाहा. काठ सगळीकडून सारखा गोल हवा. एका बाजूने आतून घासलेला दिसला तर गोळ्या जवळ आणायला कुणीतरी पाचरीचं काम कानशीने केलं आहे. अशी रायफल एका काडतुसाला तात्पुरती जुळते, दुसऱ्याला कधीच नाही. सोडून द्या.

दस्त्यावर मुठीच्या जागी आणि धातूला टेकतो तिथे केसासारखी चीर आहे का ते नखाने पाहा. जुन्या दस्त्यात तेल मुरून लाकूड काळं आणि मऊ झालेलं असतं आणि .४५०/४०० चा धक्का तिथेच बसतो. खांद्याला लावून डोळे मिटा, मग उघडा. माशी, म्हणजे नळ्यांच्या टोकाचा नेमाचा दाणा, मागच्या नेमाच्या खाचेत बसलेली दिसली पाहिजे. जुन्या रायफली कुणा सहा फुटी साहेबाच्या मापाने बेतलेल्या असतात, आपल्याला दस्ता लांब पडतो. तो कापता येतो, पण वाकण चुकीचं असेल तर त्रास जास्त.

शेवटी बार. दुकानदार नकार देत असेल तर तिथेच नमस्कार करा. ५० यार्डांवर उजवी, लगेच डावी, मग दहा मिनिटं थंड, पुन्हा उजवी-डावी. नळ्या कठीण आधारावर टेकवू नका. पुढचा हात लाकडावर आणि तो हात उशीवर, नाहीतर गोळ्या वर जातात आणि दोष रायफलला लागतो. चारही गोळ्या तीन इंचांत पडल्या तर रायफल ठीक. उजवीच्या उजवीकडे आणि डावीच्या डावीकडे सरळ दोन गटांत पडल्या तर काडतूस मंद असण्याची शक्यता आहे, दुसऱ्या काडतुसाने पाहा. कुठलाच नमुना नसेल तर रायफल परत द्या.

एक अडचण आहे. हॉर्नाडी कंपनीच्या सध्याच्या .४५०/४०० काडतुसात ४०० ग्रेनची गोळी ६२५ मीटरने जाते, म्हणजे ५,०५० ज्यूलच्या आसपास. नामिबियाच्या ५,४०० च्या अटीत हे कागदावर बसत नाही. रानरेडा त्याने मरत नाही असं नव्हे, शंभर वर्षं मरतोच आहे. पण कुडू, ओरिक्स अशा हरणांसारख्या जनावरांना २,७०० ज्यूल पुरतात, तिथे ही रायफल निर्धास्त चालेल.

घरी आणण्याबद्दल: निवास बदलून कायमचं परतताना अनुज्ञेय बोअरचं (नळीच्या मापाचं) एक शस्त्र आणता येतं. ते परदेशात निदान वर्षभर तुमच्याजवळ आणि वापरात असलं पाहिजे. जिल्हाधिकारी कार्यालयाचा परवाना आधी आणि बोटीत सामान नंतर. हा क्रम उलटला तर शस्त्र कस्टममध्ये अडकतं.

आजोबांची जुनी दुनळी रायफल माळ्यावरच्या पेटीत सापडली. संस्थानच्या काळातली असावी. वर ‘४५०’ कोरलं आहे, बाहेर घोडे आहेत, नळ्यांवर सापाच्या कातडीसारखी नक्षी. सोबत पितळी काडतुसं आहेत, ती नळीच्या मागच्या घरात बसतात. एक बार काढून पाहावा का? – सावंतवाडी

नाही. काडतूस घरात बसतं हा इथे दिलासा नाही, धोक्याची खूण आहे. .४५० सव्वातीन इंची काडतूस आधी काळ्या दारूचं होतं. १८९८ साली रिग्बी या इंग्रज कारखान्याने त्याच घाटाच्या नळकांड्यात कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारू, भरून .४५० नायट्रो एक्स्प्रेस केलं. बाहेरून माप तेच, आतला दाब वेगळाच. काळ्या दारूच्या रायफलीत नायट्रोचं काडतूस सहज शिरतं, आणि फुटलेल्या नळीचा तुकडा पुढच्या हाताच्या बोटांतून जातो. तुम्ही वर्णन केलेली नक्षी पीळ घातलेल्या लोखंडाची, म्हणजे दमास्कस नळ्यांची आहे. बाहेरचे घोडे आणि ही नक्षी मिळून सांगतात की रायफल काळ्या दारूची. खात्री करायची तर नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरचे चाचणीचे शिक्के वाचा. नायट्रोच्या रायफलीवर ‘कॉर्डाइट’ हा शब्द आणि गोळीचं कमाल वजन कोरलेलं असतं. वजनही सांगतं: काळ्या दारूची साडेतीन-चार किलो, नायट्रोची साडेचार-पाच.

जुन्या काडतुसांचं दुखणं वेगळं. कॉर्डाइट उष्णतेला फार हळवं असतं, इंग्लंडात जुळवलेली रायफल आपल्याकडच्या उन्हात जास्त दाब देते. म्हणून या देशासाठी भरण कमी ठेवलेली काडतुसं येत. तुमच्या पेटीत कुठली आहेत हे डोळ्यांनी कळणार नाही. शिवाय एवढ्या जुन्या काडतुसांच्या तोंडाशी चिरा गेलेल्या असू शकतात.

बाजारात ४५० पुढे कमी का झालं, असं विचारणारे असतात. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात या बोअरवर बंदी घातली, कारण सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअरही .४५०च होता आणि चोरीची काडतुसं हाताशी होती. तेव्हा कारखान्यांनी .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे बोअर काढले. आजचं .४७० रूढ झालं ते त्या बंदीमुळे.

आता तुमचं पहिलं काम. परवानाधारक वारल्यावर शस्त्र घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. आर्म्स अॅक्टच्या कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. काडतुसंही मोजून त्याच पावतीवर. ती विहिरीत टाकू नका, शेणखतात पुरू नका. मग वारस म्हणून २०१६च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सोबत आजोबांचा जुना परवाना, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची लेखी ना-हरकत लागते. चुलत्यांची सही गोळा करण्यातच निम्मा वेळ जातो, ती आधी घ्या. २०१९ नंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर अर्ज दुसऱ्या वारसाच्या नावाने.

काजूच्या बागेत रानडुकरं रात्रीत कंबरभर खड्डे काढतात. शेती संरक्षणाचा परवाना आहे. छर्‍याच्या बंदुकीऐवजी दुनळी रायफल घेता येईल का? – देवगड

परवान्यावर जे शस्त्र लिहिलं आहे तेच. शिवाय रायफलची गोळी बागेत थांबत नाही. सड्यावरच्या जांभ्यावर आपटून ती वाडीच्या दिशेने जाऊ शकते, आणि कोकणात वाडी कायम दोन-तीनशे मीटरवर असते. बारा बोअरची बंदूक पुरते. डुकराला मारायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात हवी, परवाना असणं म्हणजे परवानगी असणं नव्हे. गवा दिसला तर बंदूक उचलूच नका. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं.

माझ्या बारा बोअर जोडबंदुकीचे कधी कधी दोन्ही बार एकदम सुटतात. दोष माझा की बंदुकीचा? – महाड

दोन्ही शक्य आहे, वेगळं करायला एक सोपी चाचणी आहे. प्रथम दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. मग दोन्ही घरांत पूर्वी उडालेल्या काडतुसांची रिकामी टोपणं घालून बंदूक चढवा. पुढचा चाप ओढा, क्लिक ऐका. आता दस्त्याची टाच रबरी चपलेवर बेताने तीन-चार वेळा आपटा. नंतर मागचा चाप ओढा. क्लिक आलं तर दुसरा घोडा जागेवर होता. आलं नाही तर तो आपटण्यानेच पडला, म्हणजे आतला खाचेचा दात झिजला आहे किंवा जुन्या तेलाचा चिकटा बसून दात खाचेत पूर्ण उतरत नाही.

चाचणीत बंदूक उत्तीर्ण झाली तर दोष बोटाचा. धक्क्याने बंदूक मागे येते, बोट पुढच्या चापावरून घसरून मागच्यावर आदळतं. पकड घट्ट करा आणि बोटाचं टोकच चापावर ठेवा, पेर नको. मोठ्या दुनळी रायफली वापरणारे काही जण म्हणूनच मागचा चाप आधी ओढतात.

दात स्वतः कानशीने घासू नका. एका केसाची चूक झाली तर बंदूक बंद करतानाच सुटते.

समुद्र घरापासून शंभर पावलांवर. पावसाळ्यात बंदुकीवर आठवड्याला तांबूस पूड येते. घरात सगळे खोबरेल लावतात. – वेंगुर्ला

खोबरेल बंद करा. ते खवट होतं, आम्ल धरतं. पितळेवर हिरवं येतं ते त्याचंच. थंडीत ते गोठून बंदुकीच्या कुलपात, म्हणजे आतल्या यंत्रणेत, बसतं ते वेगळं. साधं बंदुकीचं खनिज तेल घ्या, पण आधी मीठ काढा: कोमट गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने धातू पुसायचा, लगेच कोरड्याने, मग अर्धा तास पंख्याखाली. मिठावर तेल लावलं तर गंज तेलाखाली चालूच राहतो. पूड आलीच असेल तर तेलात बुडवलेल्या तांब्याच्या घासणीने हलक्या हाताने काढा, पॉलिश पेपर नको, निळी झाक जाईल.

चामड्याच्या म्यानात ठेवू नका. कमावलेल्या चामड्यात क्षार असतात, ते ओल ओढतं आणि बुरशी धरतं. लोखंडी कपाटात उभी, नळ्यांची तोंडं खाली, खाली जाड कापड. तोंडं वर ठेवली की तेल झिरपून दस्त्यात मुरतं आणि लाकूड कुजतं. कपाटात सिलिका जेलची पाव किलोची पिशवी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत गरम करायचे. तो तवा मग भाकरीला वापरायचा नाही. बंदूक पुसून तेल लावायचं ते जून ते सप्टेंबर दर आठ दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची असेल तर आदल्या दिवशी जाड ग्रीस लावून द्या आणि परत आल्यावर नळ्यांतलं ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय काडतूस घालू नका. नळीत ग्रीसचा गोळा राहिला तर पहिल्याच बाराला नळी फुगते.